फिरकीचा तांब्या

राजापेठेतलं आमचं घर रंगवायला काढलं, तेव्हा सुनेने माळ्यावरचं सामान अंगणात उतरवून त्याचे ढीग केले. ठेवायचं एकीकडे, कोणाला तरी द्यायचं दुसरीकडे, आणि उरलेलं भंगारात. आपल्याला कोणत्या ढिगात घालतात ते पाहत मी खुर्ची टाकून बसलो होतो. भंगारात फिरकीचा तांब्या दिसला तेव्हा मात्र उठलो.

प्रवासात पाणी न्यायचं हे पितळी भांडं. झाकणाला आटे असतात, ते फिरवून घट्ट बसवायचं. आमच्या तांब्याच्या गळ्याशी एक पोचा आहे. तो माझ्या वहिनींच्या अंगठ्याचा, असं घरातली लहान पोरंसुद्धा पाहुण्यांना सांगतात. ते खरं नाही. खरं काय ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. राज्य इंग्रजांचं होतं, पण आमच्या घरात आत्याचं. अमरावतीबाहेर आमचा भाजीचा आणि झेंडूचा मळा. दादाला अकोल्याची मुलगी सांगून आली. आमच्यात रीत अशी, की मुलगी पसंत पडेपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं की सोयरीक झाली, मग नाही म्हणायला तोंड उरत नाही. म्हणून ऐन वैशाखात आम्ही मळ्यातल्या विहिरीचं पाणी तांब्यात भरून निघालो. आत्या, वडील, त्यांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे मोठेबाबा, दादा आणि मी. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि मिशी फुटली होती. बडनेऱ्याला गाडी बदलताना पाणी सांडू नये म्हणून मोठेबाबांनी तांब्या दोन्ही गुडघ्यांत धरून झाकण पिळलं. ते असं पिळलं, की अकोल्याला कोणालाच उघडेना.

मुलीच्या वडिलांनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि गार पाण्याचा गडवा समोर ठेवला.

"घ्या न पाहुणे, उन्हातून आले."

"आमी आमचं आणलं हाय," आत्या म्हणाली.

आणलं होतं, पण मिळत नव्हतं. मोठेबाबांनी झाकण धोतराच्या सोग्यात धरून पिळलं. वडिलांनी पिळलं. दादाने पिळलं, तेव्हा आतल्या दाराच्या फटीतून कोणीतरी हसलं आणि दादा कानापर्यंत लाल झाला.

"राहू दे बे," मोठेबाबा हळूच म्हणाले. "लगन व्हाचं हाय तुहं, हात मोडून घेशील."

दादाची नजर त्या फटीवरून हलेना. आत्याच्या मनात मात्र नांदगाव खंडेश्वरची मुलगी होती. तहानेचं निमित्त करून लवकर उठायचा तिचा बेत तिच्या बसण्यावरूनच कळत होता.

मी तांब्या घेऊन मागच्या अंगणात गेलो. गुरांच्या पाण्याची दगडी डोण होती, तिच्या कडेवर तांब्या आपटला. पोचा तेव्हाचा. झाकण निघालं. मी एकच घोट घेणार होतो. तांब्या रिकामा झाल्यावर मला रीत आठवली. शेजारीच त्यांचा रांजण होता. मी तांब्या भरला आणि झाकण नुसतं टेकवलं. उघडला म्हणावं तर आधी कोण प्यालं, हे आत्याने विचारलं असतं. म्हणून ओली मिशी पुसली आणि "नाही उघडत" म्हणून तांब्या परत आणून ठेवला.

तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली.

"काय काय येते व तुले?" आत्याने विचारलं.

"सगळंच येते."

"मंग हा तांब्या उघड."

मुलीने तांब्या हातात घेतला. क्षणभर थांबली. मग झाकण सहज फिरवून बाजूला ठेवलं. पहिल्यांदा मोठेबाबा प्याले.

"याले म्हन्तेत पानी. आपल्या मळ्याची गोडी हाय, बाप्पा. इकडं असं पानी भेटते काय?"

अकोल्याकडच्या विहिरींचं पाणी मचूळ, हे सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे. तेच पाणी आमची वडीलधारी माणसं मिटक्या मारत प्याली. आत्याने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोरगी जोरदार हाय. मळ्याच्या कामाची." नांदगाव तिथेच मागे पडलं, आणि तांब्याच्या गळ्याचा पोचा मुलीच्या अंगठ्याचा ठरला.

वहिनी घरात आल्या आणि पुढचं सगळं त्यांच्या अंगावर आलं. वांग्याचं पोतं उचलायचं असो की पावसात फुगून बसलेलं दार उघडायचं असो, "वहिनीले बोलवा." मळ्यावर गडी बसलेले असायचे आणि टोपली वहिनींच्या डोक्यावर. प्रत्येक पोत्याबरोबर खरं सांगून टाकावंसं वाटायचं. पण बोललो असतो तर रीत मोडल्याचं बाहेर पडलं असतं. पुढे आत्या गेली, मोठेबाबा गेले, दादाही गेला. न बोलण्याचं कारण उरलं नाही, सवय तेवढी उरली.

भंगारातून तांब्या उचलून मी ओट्याकडे गेलो, तिथे वहिनी लसूण सोलत बसल्या होत्या. तांब्या त्यांच्यासमोर ठेवून मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"भाऊजी, उन्हातानात गाडीतून आलेला तांब्या. माह्या हाती आला तं गारेगार. मले तवाच समजलं, हे आमच्या रांजनातलं हाय."

"अन् तुमी बोलल्या नाही?"

"काहून बोलू? तुमचे दादा पसंत होते मले. बोलली असती तं तुमची आत्या तशीच उठून नांदगावले गेली असती."

"मंग जलमभर पोते काहून उचलले?"

"झाकन ढिलं होतं म्हनून सांगू काय सासरी?" त्यांनी पाकळी ताटलीत टाकली. "पयलं पोतं लय जड गेलं. मंग सवय झाली."

सून दारात उभी होती. तिला फक्त ढिगाचं विचारायचं होतं. "मग याचं काय करू?"

"फडताळात वरच्या खनात ठेवाचा," वहिनी म्हणाल्या. "तू नोको उचलू. भाऊजी ठेवतेत."

मी स्टुलावर चढलो. वहिनींनी खालून स्टूल धरलं.

"जपून. अन् पोरायले काही सांगू नका. अंगठा माहाच हाय."

पोरांना सांगितलेलं नाही. इथे लिहिलं आहे, कारण आमच्या घरात माझं लिहिलेलं कोणी वाचत नाही.