कोल्ड स्टोरेजमधला कडा

कुठल्याही भिंतीला टेकायच्या आधी ती बोटाच्या पेरानं तीनदा ठोकायची आणि कान द्यायची. दवाखान्यातली भिंत असो, नाहीतर माझ्या घराची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई जरा हललेली आहे.

ती नर्स होती. माझी बायको शेवटचे सव्वीस दिवस तिच्या वॉर्डात होती. मी सिन्नरच्या एका कोल्ड स्टोरेजात प्लान्ट सांभाळतो. तीस वर्षांत हात कायमचे गार पडलेत, म्हणून बायकोला हात लावायला भ्यायचो. ही म्हणाली, "लावा बाबा. तापात त्यांना दुसरं काही कळत नाही, पण तुमचा हात कळतो. बघा, कपाळ कसं वळवतात."

बघितलं. खरंच वळवायची. गेली तेव्हाही हात कपाळावरच होता.

दिवसपाणी झाल्यावर सिस्टर घरी आली. भिंत ठोकली, टेकून बसली, चहा प्यायली. तेव्हा कळलं, बावन्न वर्षांची ही बाई रविवारी अंजनेरीकडच्या कड्यांवर दोराला लटकते.

"पायऱ्या सोडून भिंतीनं कशाला जायचं माणसानं?" मी विचारलं.

"पायऱ्यांवर लय गर्दी असते हो."

त्या दिवशी मात्र तिचं तोंड उतरलेलं होतं. त्यांचा गट मे महिन्यात हिमालयात बर्फाचा कडा चढायला निघाला होता. गटाचा म्होरक्या तिला म्हणाला होता, बर्फावर चढून दाखवा, नाहीतर खालच्या तंबूत गोळ्या वाटत बसा. नावं द्यायची मुदत सोमवारपर्यंत.

"नाशकात बर्फ कुठून आणू, बाबा?"

मी म्हणालो, "बर्फ? तीस वर्षं मी तोच खरवडतोय की!"

आमची वाटाण्याची खोली त्या आठवड्यात रिकामी होती. उणे अठरा, तीन माळे उंच. सोमवारी प्लान्ट बंद करून ती धुवायची होती. मालकाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "बायको गेल्यापासून तू बिघडलास. कर काय करायचं ते, पण अमोनियाच्या पाइपांपासून लांब." मग मी मधल्या उंच लोखंडी रॅकला वरून खालपर्यंत गोणपाटं बांधली आणि शुक्रवारी वरून नळी सोडली. शनिवारी सकाळपर्यंत पांढरी शुभ्र भिंत उभी राहिली.

नाशकातल्या द्वारका चौकातून एसटी धरून सिस्टर आली. पाठीवर ही मोठी पिशवी. कंडक्टरनं विचारलं म्हणे, कुठं निघालात ट्रेकला? ही म्हणाली, सिन्नरच्या एमआयडीसीत. त्यानं पुढं काही विचारलंच नाही.

आत आल्यावर तिनं बर्फ ठोकला. कान दिला. "पोकळ वाटतोय हो बाबा."

"सिस्टर, तुमचं सुई टोचायचं काम. बर्फ मला शिकवू नका."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. बुटाखाली खिळ्यांचे पट्टे बांधले, दोन्ही हातांत वाकड्या चोचीच्या कुऱ्हाडी घेतल्या. दोर छताच्या तुळईवरून फिरून माझ्याकडं आला. तो कसा धरायचा, कसा आवळायचा, हे तिनं मला दहादा करायला लावलं. दोन पुरुष उंचीवर गेली असेल, तोच दाराएवढी लादी सुटली आणि तिच्यासकट खाली आली. मी दोर आवळला. ती हवेत लोंबकळत राहिली. हनुवटीतून रक्त.

चूक माझी होती. एकदम पाणी सोडलं की बर्फात हवा कोंडते, तो पांढरा आणि ठिसूळ होतो. बर्फाच्या कारखान्यातला नवा गडीसुद्धा हे जाणतो. मी घाई केली होती, आणि तिनं माझ्या शब्दापुढं स्वतःचा कान खोटा ठरवला होता.

खाली उतरवली. मी म्हणालो, "शिव्या घाला."

"कशाला? दोर कुठं सोडला तुम्ही?" हनुवटीला पट्टी लावत ती म्हणाली. "बर्फ परत करा म्हणजे झालं."

सगळा पांढरा बर्फ तोडून काढला. मग नळीला बारीक भोकं पाडून थेंब थेंब पाणी सोडलं. थर गोठल्याशिवाय पुढचा दिला नाही. रविवारी दुपारी दार उघडलं आणि मीच थबकलो. भिंत काचेसारखी झाली होती. आतली गोणपाटं दिसत होती, दिव्याचा उजेड निळा होऊन बाहेर येत होता. असला बर्फ मी उभ्या जन्मात केला नव्हता.

तिनं ठोकला. कान दिला आणि चढायला लागली.

व्हिडिओसाठी तिचा मोबाईल क्रेटवर उभा केला होता. कुऱ्हाड रुतली की टच् असा आवाज यायचा. मग एक पाय, मग दुसरा. मध्ये एकदा तिचे पाय लटलटा कापायला लागले. मी ओरडलो, "उतरवू का?" वरून आवाज आला, "गप बसा ना बाबा!" कपाळ बर्फाला टेकून ती तशीच उभी राहिली. तोंडातून वाफ. दोर माझ्या हातात होता, पण जोर माझा नव्हता. बावन्न वर्षांची बाई चार लोखंडी टोकांवर उभी होती, आणि ज्या बर्फाला मी जन्मभर नुसता तोडत आलो, तो तिला धरून होता. मला हात जोडावेसे वाटले. दोरामुळं जोडता आले नाहीत.

तिनं तुळईला हात लावला आणि रडली. मीही रडलो. बायको गेल्यावर पहिल्यांदा.

तो व्हिडिओ बघून म्होरक्यानं तिचं नाव घेतलं. ती गेली, कडा चढली, परतही आली. पण नाशकात काही रमली नाही. नोकरी सोडून आता तिकडंच गिर्यारोहण शिकवणाऱ्यांच्या तळावर नर्स आहे.

परवा मोबाईलवर फोटो आला. एवढा मोठा बर्फ, की वरचं टोक फोटोत मावलेलं नाही. खाली लिहिलंय, 'यात मी आहे.' मला काही दिसेना. टपरीवाल्याला दाखवला. त्यानं बोटांनी मोठा करकरून बघितला.

"बाबा, नुसता बर्फ हाय. माणूस नाय यात."

मी म्हणालो, "हाय. अजून वर बघ."