बाईंचा सिकंदर

बाई कशावरही पटकन विश्वास ठेवत नसत. दूधवाल्यानं दूध म्हशीचं आहे म्हटलं तरी भांड्यात बोट बुडवून बघत. शिरड शहापूरच्या आमच्या शाळेत त्या इतिहास शिकवत. मी नव्यानं लागलेला विज्ञानाचा शिक्षक. पाठीमागे आम्ही त्यांना ‘संशयबाई’ म्हणायचो, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

सिकंदराच्या धड्याला त्या आठवडा लावत. त्याच्याबरोबर फिरलेल्यांची पुस्तकं हरवली, उरलं ते तीन-चारशे वर्षांनी लिहिलेलं, हे आधी फळ्यावर लिहीत. पोरसाचं बाणेदार उत्तर मुलांना तोंडपाठ असे. ते कोणत्या भाषेत दिलं आणि दुभाषा कोण होता, असं बाई विचारत. लढवय्या बायकांची राणी सिकंदराला भेटायला आली, असं त्याच्याबरोबर फिरलेल्या एकानं लिहिलं होतं. सिकंदराचाच एक सरदार पुढं राजा झाला. त्याच्यासमोर ते वाचलं गेलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, मग मी तेव्हा कुठं होतो? ही गोष्ट सांगून वर्ग हसला की बाई विचारत, “आता ही बी खरी काहून मानायची?”

एकदा शाळेचा प्रोजेक्टर चोरीला गेला. संशय शिपाई नामदेवमामांवर. मुख्याध्यापकांनी अर्ज तयार केला, की मामांना पिशवीतून तो नेताना आम्ही पाहिलं. सहा जणांनी सह्या केल्या; सहावी माझी. कागद बाईंकडे गेला. त्यांनी मला विचारलं, “सर, तुमी सोता पाह्यलं का?”

मला गणिताच्या सरांनी सांगितलं होतं. त्यांना लेखनिकानं, लेखनिकाला चहावाल्यानं. बाई थेट चहावाल्याकडे गेल्या, मीही मागोमाग गेलो. त्यानं मामांच्या हातात नुसती पिशवी पाहिली होती. आत काय होतं आणि वार कोणता, ते त्याला सांगता येईना.

परतताना बाई म्हणाल्या, “आमच्या तांड्याला सरकारी कागदात चोर लिहून ठिवलं होतं, असं माझा बाप सांगायचा. लिहिणाऱ्यानं तांडा पाह्यला बी नसंल.”

मी सही खोडली. बाईंनी चहावाल्याचं म्हणणं मुख्याध्यापकांना सांगितलं; अर्ज पुढं गेला नाही, मामांची नोकरी वाचली. प्रोजेक्टर मात्र कधीच सापडला नाही. तुम्ही मामांना निर्दोष ठरवलंत, असं मी एकदा बोलून गेलो, तर बाई चिडल्या. कोणीच पाहिलं नाही, एवढंच आपण दाखवलं, असं त्यांचं म्हणणं. स्वतः निवृत्त होईपर्यंत मामांवर त्यांची नजर होती.

यंदा उन्हाळ्यात बाई गेल्या. शोकसभेत नवे मुख्याध्यापक बोलले. बाईंनी खरा चोर कसा पकडला, प्रोजेक्टर कसा परत आणला, मामांनी त्यांचे पाय कसे धरले. काहींनी डोळे पुसले. मामा मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

मी उठलो. चोर सापडला नव्हता, प्रोजेक्टर मिळाला नव्हता, हे सांगितलं. मामांविरुद्धच्या त्या कागदावर माझीही सही होती, हेही सांगितलं.

मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या सहीचं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.