उजव्या पंखाचं पीस

अश्मयुगात पाठवायचा एक माणूस डिस्पॅचच्या चुकीनं विसाव्या शतकात आला, रेल्वेत मालगाडीचा गार्ड झाला आणि वर माझा साडू झाला, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. लोक हसायचे, मीही हसायचो. रांजणगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो. दुसऱ्याच्या चुका काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे माणसंसुद्धा मी गेज लावूनच बघायचो. थोरल्या साडूंना मात्र कुठलंच गेज बसेना. धडधाकट माणूस, सरकारी नोकरी, दौंडला रेल्वे कॉलनीत क्वार्टर, दारात पपईचं झाड, सगळं जागच्या जागी. आणि हा माणूस फावल्या वेळात काय करायचा, तर बाण. विकायला नाही, शिकारीला नाही, कुठल्या स्पर्धेला नाही, नुसते बाण. तेही खिळा नाही, फेव्हिकॉल नाही, दुकानातली एक वस्तू नाही, आदिमानवानं केले असते अगदी तसे. "कशासाठी करता हो?" असं विचारलं की म्हणायचे, "जमतंय म्हणून." यावर पुढं काय बोलणार, कपाळ?

मालगाडीच्या गार्डाला आयुष्यात एकच गोष्ट भरपूर मिळते, ती म्हणजे लूपलाइनला उभं राहणं. एक्स्प्रेस जाणार, पॅसेंजर जाणार, तिच्यामागून अजून एक एक्स्प्रेस जाणार, तोवर मालगाडीनं बाजूला उभं राहून सगळ्यांना वाट द्यायची. बाकीचे गार्ड अशा वेळी डुलकी काढत, साडू खाली उतरत. पाटसला म्हणे बाभळीचा डिंक फार चिकट, केडगावला खैराची फांदी चांगली मिळते आणि भिगवणला पाण्याच्या कडेला बोरू असा सरळ, की जणू देवानं दोरी लावून रोवलाय. स्टेशनांची ओळख त्यांना अशीच होती, तिथला चहा कसा असतो हे ते सांगू शकायचे नाहीत. एकदा भिगवणला सिग्नल मिळाला आणि गार्डाचा पत्ता नाही. ड्रायव्हरनं शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या. शेवटी बगलेत बोरूची मोळी, एका हातात हिरवं निशाण आणि गुडघ्यापर्यंत चिखल अशा अवतारात साडू धावत आले. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "गार्डसाब, उसाचा सीझन चालू झाला का?" त्या दिवशीच्या उशिराचा खुलासा लेखी द्यावा लागला. त्यात त्यांनी 'पोट बिघडले' असं लिहिलं. मोळीबद्दल कोणी विचारलं नाही, हे नशीब.

तो बोरू मग सहा महिने सावलीत वाळायचा. क्वार्टरच्या माळ्यावर, खाटेखाली, न्हाणीच्या दाराआड, जिथं बघावं तिथं बोरू. वाळला की शेगडीतल्या निखाऱ्यावर धरून, जिथं वाकलाय तिथं हळूच दाबून तो सरळ करायचा आणि एक डोळा मिटून टोकाकडून बघायचं. हे बघण्याची त्यांना इतकी सवय झाली, की बाजारात शेवग्याच्या शेंगासुद्धा ते एक डोळा मिटून निवडायचे. भाजीवाली वैतागून म्हणायची, "साहेब, आमटी करायची हाय का बंदूक?" बाणाला टोक म्हणून खैराचा सुळा भाजून टणक केलेला आणि सगळी बांधणी बकऱ्याच्या पायाच्या शिरेची. ती शीर वाळवून, कुटून तिचे धागे करायचे, आणि बांधण्याआधी धागा तोंडात धरून थुंकीनं ओला करायचा. आमच्या थोरल्या मेहुणीचे सोमवार आणि गुरुवार कडक, त्यामुळे त्या दोन दिवशी शीर घराबाहेर, पपईच्या झाडावर. बाकीचे पाच दिवस साडूंशी बोलायला जावं तर तोंडात धागा. ते नुसती मान हलवायचे. संसार सुखाचा झाला त्याचं कारण हेच असावं, असं माझं मत आहे.

पण खरा जीव पिसांत. आमची सासुरवाडी शिरूर तालुक्यात, तिकडं मोर उदंड. साडूंना पिसांचा नाद आहे म्हणून जो तो त्यांना मोरपीस आणून द्यायचा आणि ते ते देव्हाऱ्यात ठेवून द्यायचे. "शेपटीचं पीस देवाला. बाणाला पंखाचंच लागतं," असं म्हणायचे. शेजारी चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या एक बाई राहायच्या, त्यांनी राजहंस पाळले होते. ते पोस्टमनला चावायचे, पण साडूंना पिसं पुरवायचे. घारीची पिसं ते रुळाकडेनं वेचायचे. आणि सगळ्यांत मोलाची म्हणजे गिधाडाची, रुंद, तपकिरी, ताठ. घरात दोन डबे होते. एकाला हिरव्या निशाणाची चिंधी बांधलेली, त्यात डाव्या पंखाची पिसं. दुसऱ्याला लाल चिंधी, त्यात उजव्या पंखाची. का, तर पिसाला त्या त्या बाजूचा बाक असतो, आणि एका बाणाची तिन्ही पिसं एकाच बाजूची लागतात. मिसळली की बाण हवेत पोहायला लागतो. हे ऐकलं त्या दिवशी पहिल्यांदा मला या माणसाबद्दल आदर वाटला. आमच्या कंपनीत डाव्या बाजूचा पार्ट उजव्या पेटीत गेला तर आभाळ कोसळायचं. लाइन बंद, मीटिंगा, मेमो. म्हटलं, अरे, हा तर आपल्याच धंद्यातला माणूस.

नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी मला विचारलं होतं, "साडूभाऊ, गिधाडं कुठं गेली हो?" पूर्वी लाइनीच्या कडेला ढोर पडलं की पन्नास पन्नास बसायची. ती कमी होत गेली हे आमच्या सगळ्या गोतात फक्त त्यांच्या ध्यानात आलं, कारण त्यांचे डबे भरेनात. मी म्हणालो, "बदली झाली असेल." त्या विनोदाला मी स्वतःच मोठ्यानं हसलो होतो. आता आठवलं की बरं वाटत नाही.

आता सासऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे. गाव त्यांना आबा म्हणायचं, आम्ही जावई मामा म्हणायचो. तरुणपणी मेंढरांमागं हिंडलेले, मग जमिनीवर स्थिरावलेले. गोफण अशी, की चुकार मेंढीच्या शिंगाला दगड लावून तिला वळवायची, तिच्या अंगाला लागू न देता. माणसांचे त्यांच्याकडं दोनच प्रकार, कामाचा आणि बिनकामाचा. मी कंपनीत म्हणून मी कामाचा. थोरले जावई रेल्वेत असूनही बिनकामाचे. "गोफणीला कुठं पीस लागतं?" एवढंच ते बाणाबद्दल बोलायचे. साडू दर दिवाळीला एक बाण सासऱ्यांसाठी घेऊन जायचे आणि काही न बोलता सोप्याच्या कोपऱ्यात उभा करायचे. पुढच्या दिवाळीला तोच बाण चिंचा पाडून पाडून टोक मोडलेला दिसायचा. साडू तो उचलून बघायचे, जागेवर ठेवायचे आणि शेजारी नवा ठेवायचे. एक शब्द, त्या म्हाताऱ्याच्या तोंडून एक बरा शब्द, एवढ्यासाठी हा माणूस सहा सहा महिने बोरू वाळवत होता, हे मला कळत होतं. मी त्याची गंमत करायचो.

आणि एका वर्षी मामा आपण होऊन म्हणाले, "औंदा दसऱ्याला शिवेवर कोहळा टांगू. मारा तुमचा बाण. बघू तरी." साडू दोन महिने दुसरं काही बोलले नाहीत. दांडा तयार झाला, सुळा बसला, शिसवीच्या धनुष्याला नवी दोरी चढली, आणि पिसं ठरली गिधाडाची. लाल डब्यात उजव्या पंखाची नेमकी तीन उरली होती. दसऱ्याच्या आदल्या दुपारी मी बायकापोरांसह दौंडला होतो, सगळ्यांनी मिळून गावाला जायचं ठरलेलं. साडू पिसं बांधायला बसले आणि रेल्वेचा माणूस ड्यूटीचं बोलावणं घेऊन दारात. गाडी सोलापूरकडं न्यायची होती, नाही म्हणायची सोय नाही. उठताना ते मला म्हणाले, "तेवढी तीन पिसं बांधून ठेवा. मी उद्या परस्पर गावाला येतो. तुम्ही क्वालिटीवाले, तुमचं मी बघायचं काम नाही." जो माणूस सरळ उभा सिग्नलसुद्धा दोनदा बघायचा, तो असं म्हणाला.

दोन पिसं मी छान बांधली. तिसऱ्याचा देठ चिरताना माझ्या हातात उभा तडकला. लाल डब्यात हंसाची होती, पण ती पांढरी, शोभली नसती. हिरव्या डब्यात गिधाडाचं एक होतं, रंगाला रुंदीला हुबेहूब. मला माहीत होतं. अजाणतेपणी झालं असं मी कोणत्या तोंडानं सांगू? एका पिसानं काय होतंय, असं मनाशी म्हणून मी ते बांधलं. चूक माहीत असून माल पुढं सोडला, की आमच्या कंपनीच्या भाषेत त्याला डेव्हिएशनवर पास करणं म्हणतात.

दसऱ्याला गावात पोचल्यावर मामांनी बाण हातात घेतला, उलटसुलट केला. मी मोठेपणानं सांगितलं, "पिसं मी बांधलीत, मामा." ते खुलले. शिवेवर माणसं जमल्यावर त्यांनी हलगी थांबवायला लावली आणि म्हणाले, "ह्यो बाण माझ्या दोन्ही जावयांनी मिळून केलाय." दोन्ही, म्हणाले. साडू तेवढ्यात एसटीनं पोचले होते, अंगात गार्डाचा पांढरा ड्रेस तसाच. मी दौंडहून आणलेला बाणांचा भाता त्यांनी पाठीला लावला, धनुष्य हातात घेतलं. मामांनी बाण त्यांच्या हातात दिला. त्यांनी पिसांवरून अंगठा फिरवला, एक डोळा मिटून पाहिलं, क्षणभर थांबले आणि दोरी ओढली.

बाण निघाला तो वळवळत. कोहळा एकीकडं, बाण एकीकडं. तो गेला बांधावर लावलेल्या सायकलीकडं आणि दुधाच्या कॅनवर टण्ण वाजून खाली पडला. मग जो हशा पिकला, तो काही थांबेना. हलगीवाल्यानं तर एक टिपरी वाजवून घेतली. मामांनी कमरेची गोफण सोडली, एक दगड उचलला, दोनदा फिरवली आणि कोहळ्याच्या ठिकऱ्या केल्या. "आमच्या टायमाला पिसं नव्हती," ते म्हणाले, आणि सोनं वाटायला लागले. सगळ्यांत जोरात टाळ्या साडूंनी वाजवल्या.

माझ्या जिभेवर एक वाक्य होतं. तिथं सांगता आलं असतं, घरी जेवताना सांगता आलं असतं, परतीच्या एसटीत तर ते माझ्या शेजारीच बसले होते. "नजर गेली वाटतं माझी," ते म्हणाले, आणि मी म्हणालो, "वारा होता." त्यानंतर त्यांनी बाण केले नाहीत. दिवाळीला कोपरा रिकामा राहायला लागला. तीनचार वर्षांनी मामा गेले. शेवटच्या आजारपणातसुद्धा थोरल्या जावयाचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "मानूस चांगला हाय. पन हाताला यश न्हाई." मी पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होतो. तेव्हाही बोललो नाही.

साडू रिटायर झाले, कॉलनी सोडून दौंडमध्येच दोन खोल्यांत राहायला गेले, हातांना कंप सुटला. मागच्या हिवाळ्यात एकदा ठरवूनच गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, पण मला सुरुवात सापडेना. तेवढ्यात त्यांनी खाटेखालून दोन डबे काढले आणि एक बाण. दुधाच्या कॅनवर आपटून सुळ्याचं टोक बसलेलं, तोच. दोन तपकिरी पिसं होती, तिसरं सोडवून काढलेलं.

"हात चालत नाहीत माझे," ते म्हणाले. "गिधाडाचं काही आता मिळायचं नाही. बाईंच्या हंसाचं घ्या. दिसायला कसं का दिसंना, बाजू तेवढी सांभाळा."

मी लाल डबा उघडला. पीस निवडलं, बाक तपासला, पुन्हा तपासला. धागा तोंडात धरून ओला केला आणि बांधलं. त्यांनी पिसांवरून अंगठा फिरवला. "हां. आता तिन्ही उजवी."

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"हातात घेतला तवाच."

"मग दुसरा बाण का नाही घेतलात? भाता होता की पाठीवर."

"मामांनी चारचौघांत सांगितलं होतं ना, दोघांनी मिळून केलाय म्हणून. तुम्ही त्यांचे कामाचे जावई." एवढं बोलून ते हसले आणि चहाचा कप आत ठेवायला उठले.

बोलायचं होतं ते दहाबारा वर्षांपूर्वी, दुसऱ्याच माणसापुढं. तो बाण त्यांनी मला देऊन टाकला. शिरूरच्या घरी माझ्या सोप्यात उभा आहे, दोन पिसं तपकिरी, एक पांढरं. त्यानं चिंचा पाडायला मी कोणाला देत नाही. अश्मयुगाचा विनोद आता मी सांगत नाही. मामांना सांगायचं होतं ते राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या दसऱ्याला थोरल्या जावयाचा हात चुकला नव्हता. पिसं मी बांधली होती.