पत्रेमामांची फुंकर

आमच्या घरात मी सुशिक्षित समजला जातो, त्यामुळे दवाखान्याचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे असतं. पत्रेमामांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी एका पानावर दोनच चुका केल्या. ‘धूम्रपान’समोर ‘हो’ लिहिलं आणि ‘अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध’समोर ‘नाही’. नाव, वय आणि पत्ता अगदी बरोबर होते.

चूक सर्वस्वी माझी म्हणता येणार नाही. मी विचारलं, “मामा, फुंकायची सवय?”

“हाय की. चाळीस वर्षं.”

मला धक्का बसला, कारण मामांच्या तोंडात मी साधी सुपारीही कधी पाहिली नव्हती. पण माणसाला घराबाहेरचंही आयुष्य असतं, असा मोठ्या मनानं विचार करून मी ‘हो’ लिहिलं. मग अ‍ॅस्बेस्टॉसचं विचारलं. ते काय असतं, असं मामांनी मलाच विचारलं. कारखान्यातलं काहीतरी असतं, असं मी ठोकून दिलं. “नाय बा,” मामा म्हणाले, “आपण फक्त सिमेंटचे पत्रे.”

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, मूळचे नांदगावचे. तरुणपणी नाशकात येऊन जे छपरावर चढले, ते साठी उलटेपर्यंत उतरले नाहीत. सातपूरच्या शेड, पिंपळगावची कांद्याची गोदामं, कॉलन्यांमधल्या गच्च्या, सगळीकडे त्यांचे पत्रे. पत्रा करवतीनं कापायचा, गिरमिटानं भोक पाडायचं, तोंड जवळ नेऊन फुंकर मारायची, की पांढरी भुकटी उडून भोक साफ. दिवसाकाठी अशा शे-दीडशे फुंकरा. पुढे ती फुंकर कामापुरती राहिलीच नाही. खुर्चीवर बसण्याआधी फू, चष्मा घालण्याआधी फू, पाण्याच्या पेल्यात फू. माझ्या लग्नात त्यांनी अक्षता टाकण्याआधी सवयीनं मूठ उघडून फुंकर मारली आणि त्यांच्या वाटच्या सगळ्या अक्षता भटजींच्या कानात गेल्या.

कुणाच्याही घरी गेले की मामा आधी वर बघायचे, मग माणसांकडे. मुलगी बघायला गेलो तेव्हाही तेच. परत येताना आईनं विचारलं, मुलगी कशी वाटली? मामा म्हणाले, “पोरीचं तुम्ही बघा. छपराला ढाळ कमी हाय, पाणी आत येणार.” हे माझी बायको अजून विसरलेली नाही. त्याच पावसाळ्यात पाणी खरोखर आत आलं, हे तर ती मुळीच विसरलेली नाही.

संध्याकाळी मामा घरी येत ते नखशिखांत पांढरे होऊन. शेजारच्या नव्या भाडेकरूंना वर्षभर वाटत होतं की यांची पिठाची गिरणी आहे. त्यांच्या सूनबाई एकदा दळणाचा डबाही ठेवून गेल्या. मामी अंगणात मामांचा शर्ट झटकायच्या तेव्हा ढग उठायचा आणि आम्ही हसायचो. काम संपलं की मामा गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवायचे: “आता तीस वर्षं वर बघायचं नाय.”

तर, डॉक्टरबाईंनी माझा फॉर्म वाचला आणि मामांना विडीवरून चांगलं फैलावर घेतलं. मामा दुखावले. आपण काय फुंकत होतो ते त्यांनी टेबलावर करूनच दाखवलं. बाईंचे दोन कागद उडाले, पण पुढचा श्वास काही मामांना लवकर मिळेना. ते सावरल्यावर बाईंनी विचारलं, काम काय करायचात? मामांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

“तो स्कूटर स्टँड बघा. बावीस पत्रे. मीच टाकलेत. अजून गळत नाय.”

बाईंनी स्टँडकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश समजावलं. सिमेंटच्या त्या पत्र्यातच अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू श्वासातून आत जातात, तीस-चाळीस वर्षं गुपचूप बसतात आणि मग फुप्फुसाच्या अस्तराला कॅन्सर होतो; मामांच्या एक्स-रेत त्याचीच लक्षणं दिसत होती. त्या काळी काम केलेली माणसं आत्ता त्यांच्याकडे येऊ लागली होती. मी, ज्याच्या डोक्यावर वीस वर्षं मामांचेच पत्रे होते, माझ्या फॉर्मकडे बघत बसलो.

मामा म्हणाले, “म्हंजे ह्याचीबी तीस वर्षांची गॅरंटी.” मग ते एकदम खुर्चीच्या काठावर आले. “बाई, माझं ऱ्हाऊ द्या. शर्ट घरची झटकायची. तिला आधी बघा.”

त्याच आठवड्यात मामींच्या छातीचा फोटो काढला. मामा बाहेर बाकावर बसले होते. त्या दिवशी मात्र ते वर न बघता दाराकडे बघत होते. आत्ता तरी काही नाही, दरवर्षी दाखवत जा, असं बाईंनी सांगितलं. मामांनी हळूच फू केलं. यावेळी समोर काहीच नव्हतं.

मग त्यांनी माझ्या गच्चीवरचे पत्रे उतरवायचं मनावर घेतलं. मी म्हणालो, तीस वर्षं कुठं झालीत? “गॅरंटी मी मागं घेतली, भाचेबुवा.” माणसं त्यांनीच आणली आणि स्वतः लांब फाटकाशी खुर्ची टाकून बसले. करवत लावायची नाही, मोडायचं नाही, पाणी मारून अख्खा पत्रा उतरवायचा. एकानं गार करायला चहावर फुंकर मारली, तर तोही बिचारा बोलणी खाऊन गेला.

पुढच्या श्रावणात मामा गेले.

कॉलेजात असताना दोन उन्हाळे मी पिंपळगावला मामांच्या हाताखाली पत्रे कापले होते. माझ्या आयुष्यातले तेवढेच अंगमेहनतीचे दिवस, त्यामुळे ते मी बायकोला किमान शंभरदा ऐकवलेत. शंभरदा तिनं ते कानाआड केलं, असा माझा समज होता. मामांच्या तेराव्यानंतर एका सोमवारी तिनं मला काही न विचारता त्याच डॉक्टरबाईंकडे नेलं. पुन्हा तोच फॉर्म, तेच दोन प्रश्न. मी पेन काढलं, खुर्चीवर फू केलं आणि बसलो.

बायको म्हणाली, “फॉर्म इकडे द्या. आणि ती खुर्ची फुंकू नका, नाहीतर तेही लिहावं लागेल.”