दिवसा झोपणाऱ्यांसाठी सुरबहार

विलासरावांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी माझ्या चिंचवडच्या स्टुडिओत नव्या फ्लॅटांची जाहिरात रेकॉर्ड करत होतो. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. हृदयाचं ऑपरेशन नीट झालं होतं, दोन दिवसांत घरी सोडणार होते... त्याला आता सव्वा महिना झाला.

विलासराव मूळचे लातूरकडचे. चाकणच्या कारखान्यात गिअर तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली. तरुणपणी दिघीत भाड्यानं राहत, तेव्हा घरमालक सुरबहार वाजवायचे. सतारीचं हे थोरलं भावंड, अंगानं मोठं आणि आवाजानं खोल. शिफ्ट संपली की विलासराव जिन्यात बसून ऐकत. एके दिवशी मालकांनी त्यांना आत बोलावलं आणि वाद्य पुढ्यात ठेवलं. पुढे मैफल त्यांनी कधी केली नाही. कामावर जाण्याआधी तासभर खर्जात वाजवायचं, मग डबा घेऊन कंपनीची बस गाठायची, हा क्रम मात्र निवृत्तीपर्यंत चुकला नाही.

गेल्या वर्षी ते माझ्याकडे आले ते एक वही घेऊनच. नोकरीच्या सुरुवातीला कुरुळीत सहा जणांच्या खोलीत राहायचो, म्हणाले. रात्रपाळी करून आलं की दिवसा झोप यायची नाही, बाहेर ट्रक आणि आत कुकरच्या शिट्ट्या. अशा माणसांसाठी त्यांना तासभराचं वादन करायचं होतं. तबला नाही, लय नाही, नुसते खालचे सूर सावकाश येत-जात राहतील असं. मी आपला धंद्याच्या सवयीनं म्हटलं, लोक कंटाळतील, मागे थोडी बासरी घालू. ते हसले. "राव, दाद मिळावी म्हणून वाजवायचंच नाही मला. ऐकता ऐकता माणूस झोपला, की माल पास."

वहीत सगळं आखलेलं होतं. पंधरा मिनिटांचे चार भाग, कुठला सूर किती वेळ विरू द्यायचा, कुठे थांबायचं. दिवस गुरुवारचा, कारण तेव्हा कंपन्यांना सुट्टी आणि रस्ता त्यातल्या त्यात शांत. वाद्य न आणता ते तीन वेळा नुसते स्टुडिओत बसून गेले. तिसऱ्या वेळी म्हणाले, पलीकडच्या खोलीतला फ्रिज माझ्या षड्जाच्या जरासा खाली गुणगुणतो, तो बंद ठेवा. इतकी वर्षं त्या खोलीत काम करून मला तो कधी ऐकूच आला नव्हता!

त्यातच ऑपरेशन ठरलं. रेकॉर्डिंगसाठी त्यांनी ते पंधरा दिवस पुढे ढकललं. डॉक्टरांनी चालेल म्हटलं होतं, तरी मंगलवहिनींना, त्यांच्या पत्नीला, ते पटलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

त्या गुरुवारी एसी बंद ठेवून विलासरावांनी तीन भाग वाजवले. तिसऱ्यात सगळ्यात जाड तारेचा सूर त्यांनी इतका लांबवर विरू दिला, की मला वाटलं संपलं. माझा हात बटणाकडे गेला. त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं... आणि मग पुढचा सूर आला. चौथ्याआधी त्यांनी वाद्य खाली ठेवलं. हात थरथरतोय, म्हणाले. मी म्हटलं, वाजवा, नंतर कापून जोडून घेऊ.

"थरथर झाकून माल पाठवायचा नाही. चौथा भाग मी बरा झाल्यावर."

गेल्या आठवड्यात तो पाऊण तास घेऊन मी चऱ्होलीला त्यांच्या घरी गेलो. काम करताना लक्षात आलं होतं, की तिसऱ्या भागातल्या त्या लांब विरामात त्यांचा श्वास ऐकू येतो, जरासा शिट्टीसारखा. वहिनींना ऐकवून मी म्हटलं, हा काढता येईल. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या.

"तुमचा राग आला होता मला. अजून आहे थोडा," त्या म्हणाल्या. "पण श्वास राहू द्या."

मुलगी सांगते, आता रोज दुपारी जेवण झालं की आई खिडकी लोटून घेते, ते मंद आवाजात लावते आणि आडवी होते. तिसऱ्या भागातल्या त्या श्वासापर्यंत जागं राहायचं ती रोज ठरवते. अजून एकदाही जमलेलं नाही.