तळहातावरचं कुंकू

आज खंडेनवमी. घोडबंदर रोडच्या ऑफिसात लॅपटॉपना झेंडूचे हार घातलेत आणि त्या वासानं मी थेट मानपाड्याच्या कारखान्यात पोचले.

तिथे मी नवीनच लागलेले. कॉम्प्युटरवर चालणारं पहिलं मशीन आलं होतं. पूजा झाल्यावर आमचे मॅनेजर कांबळेसाहेब जुन्या लेथवरच्या पाटीलकाकांपाशी गेले. "हात पुढे करा." काकांनी तेलकट तळवे पँटला पुसले. साहेबांनी त्यांवर कुंकू लावलं. "खरी हत्यारं ही!"

टाळ्या पडल्या. काका लाजले. "साहेब, आता पेढा कसा खाऊ?" साहेबांनीच भरवला. केवढा मोठ्या मनाचा माणूस, मला वाटलं.

दसऱ्यानंतर काकांना कामावरून कमी केलं. कुंकू लावताना साहेबांना ते ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता मॅनेजर मी आहे. टीमला ही आठवण दरवर्षी सांगते, पण पेढ्यापर्यंतच.

नव्या सॉफ्टवेअरमुळे नेहाची नोकरी जाणार आहे. दसरा झाला की तिला मीच सांगायचंय. मगाशी मी कुंकवाचं तबक उचललं, तर तीच सगळ्यांच्या आधी हसत पुढे आली, दोन्ही तळवे उघडून.

"मॅडम, पाटीलकाकांसारखं मला पण लावा ना."