एकादशीच्या दोन इडल्या

बायकोचं दुसरं बाळंतपण साक्कोट्टैच्या घरी झालं, एकादशीला, माझी सकाळची पूजा आटोपता आटोपता. मुलगी ठणठणीत होती. बायकोचा रक्तस्राव मात्र थांबेना, म्हणून तिला बैलगाडीत घालून कुंभकोणमच्या इस्पितळात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त थांबवलं, पण तोवर बरंच गेलं होतं. तिचे ओठसुद्धा पांढरे पडले होते. मी म्हटलं, सलाइन द्या. बाई म्हणाल्या, "त्यानं शिरा भरतील. प्राणवायू नेणार कोण? त्याला रक्तच लागतं, आणि ते दुसऱ्या माणसाकडूनच घ्यावं लागतं." सासऱ्यांचं जुळलं नाही. माझं जुळलं.

"काय खाल्लंय?"

"काल दुपारपासून पाणीही नाही. आम्ही माध्व. आज एकादशी."

"असंच काढलं तर मला दोन खाटा लागतील. आधी खाऊन या."

उद्या सकाळी पारणं आहे, तोवर थांबता येईल का, असं मी विचारलं. मी शाळेत गणित शिकवत होतो. त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

"तुम्हाला येईल," बाई म्हणाल्या. "तिला नाही."

समोरच्या हॉटेलात गेलो. मालकानं माझ्या कपाळाकडे पाहिलं. आम्ही अंगाऱ्याच्या काळ्या रेघेखाली अक्षतेचा, म्हणजे लाल गंधाचा, ठिपका लावतो. एकादशीला तेवढा लावत नाही. गावातल्या हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं. "सामी, आज तुमचा उपास," तो म्हणाला आणि माझ्यापुढचं पान उचलून घेऊन गेला. माझं पुण्य तो माझ्यापेक्षा जास्त जपत होता.

"बायकोला रक्त द्यायचंय," मी म्हटलं.

त्यानं स्वतः दोन इडल्या आणि कॉफी आणून ठेवली, आणि मी पहिला घास घेतल्यावर रस्त्याकडे पाठ करून माझ्यापुढे आडवा उभा राहिला.

परत जाऊन खाटेवर पडलो. काचेची बाटली भरली, तिच्या उशाशी उलटी टांगली गेली. संध्याकाळपर्यंत तिच्या ओठांना रंग आला.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "एकादशीला खाल्लात म्हणे?"

"दोन इडल्या. कापी."

तिनं हातावरची सुईची जागा चाचपली. "म्हणजे माझ्या अंगातही गेलं ते. दोघांचीही एकादशी मोडली जालं." मग म्हणाली, "बऱ्या होत्या का?"

"बऱ्या होत्या."

खोटं बोललो. चव कळलीच नव्हती. पहिल्या घासापासून मी रडत होतो. हॉटेलवाला आडवा उभा राहिला तो माझं खाणं लपवायला नव्हे.